या, सांभाळून

"गल्ला उघडा," तो म्हणाला.

"चिठ्ठी आणलीय का?" बाईंनी विचारलं.

एकोणीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? समोरचा काय म्हणतोय ते कानात शिरायच्या आधीच डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी हात पुढे होतो. तसा तो झाला, आणि त्या हातापासून वीतभर अंतरावर बाईंना सुरी दिसली. साधी भाजी चिरायची सुरी, लाल प्लास्टिकच्या मुठीची. तसली एक बाईंच्या ओट्यावरही होती आणि तिनं त्या रोज कांदा चिरायच्या. पण कांद्याच्या बाजूनं सुरी कशी दिसते, ते त्यांना आज कळलं.

"गल्ला!" तो पुन्हा म्हणाला. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, त्यामुळे आवाज हंड्यातून आल्यासारखा येत होता.

दुपारचे अडीच वाजले होते. मालक जेवायला घरी गेले होते. दुकानात बाई, हा हेल्मेटवाला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मास्तर, एवढी तीनच माणसं. मास्तर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचे आणि गोळ्या खिशात पडल्यावरही पंख्याखाली तासभर ठिय्या द्यायचे.

आपल्यावर असा प्रसंग आला तर आपण जोरात किंचाळू, असं बाईंना नेहमी वाटायचं. सगळ्यांनाच तसं वाटतं. प्रत्यक्षात किंचाळी घशापर्यंतसुद्धा आली नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्या मिनिटाला कळलं. कानांत बारीक शिट्टी सुरू झाली. हात मात्र, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते कामाला लागले. काउंटरवर पसरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी एकावर एक नीट रचल्या, कडा जुळवल्या आणि त्यांना रबर लावलं.

"अहो बाई, लवकर करा ना!" तो म्हणाला.

चोर असून 'अहो' म्हणाला, हे बाईंच्या लक्षात नंतर आलं. त्या वेळी त्यांना फक्त सुरीचं टोक दिसत होतं आणि ते टोक थरथरत होतं. तो घाबरलाय म्हटल्यावर खरं तर त्यांना धीर यायला हवा होता. उलट त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धीट माणसाच्या हातातली सुरी त्याला हवी तिथं जाते. भेदरलेल्याच्या हातातली कुठंही जाईल.

कोपऱ्यात मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. चाळीस वर्षं ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा, ते मास्तर डोळे न उघडता एकदम म्हणाले, "माझं घड्याळ बंद आहे हो. चावीचं आहे."

"तुम्हाला कुणी विचारलं?" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला.

गल्ल्याची किल्ली बाईंच्या कमरेला असायची. ती कुलपात जाईना. दोनदा बाजूच्या लाकडावर घासली, तिसऱ्यांदा गेली. "पिशवीत घाला," तो म्हणाला. बाईंनी खालची खाकी कागदी पिशवी घेतली, गल्ल्यातलं सगळं तिच्यात घातलं, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि स्टेपलर उचलून दोन पिना मारल्या. खट्, खट्. त्या आवाजाला तो असा दचकला की मागच्या वजनकाट्यावर चढला आणि लगेच खाली उतरला. बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली.

"या, सांभाळून," बाई म्हणाल्या.

तो दारापर्यंत गेला होता. काचेच्या दाराला हात लावून क्षणभर वळला.

"येतो," म्हणाला, आणि गेला.

आता हे 'या, सांभाळून' कुठून आलं, ते सांगायला हवं. पुढचं सगळं त्याच दोन शब्दांवर अडलं. दुकान मूळचं थोरल्या मालकांचं, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांचं. त्यांनी पहिल्या दिवशीच बाईंना बजावलं होतं, "गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायचं नाही. हे काय कापडाचं दुकान आहे? औषधाच्या दुकानात 'पुन्हा या' म्हणजे पुन्हा आजारी पडा. आणि 'जा' तर आपण कुणालाच म्हणत नाही." मग म्हणायचं काय? बाईंनी त्यातून आपला मार्ग काढला. 'या, सांभाळून.' म्हातारीला, गरोदर बाईला, हात प्लास्टरमध्ये असलेल्या रंगाऱ्याला, सगळ्यांना तेच. थोरल्या मालकांना ते इतकं आवडलं की तेही म्हणू लागले. ते गेले, त्यांच्या मुलाच्या हाती दुकान आलं, पण दुकानाचं हे वळण राहिलं. दिवसातून शंभर वेळा बाईंच्या तोंडून ते जायचं. त्या दिवशी एकशे एकाव्यांदा गेलं.

तो गेल्यावर मास्तरांनी एक डोळा उघडला. "गेला?" त्यांनी विचारलं. बाई मटकन खाली बसल्या, औषधांच्या खोक्यांमध्ये, आणि त्यांचे दात वाजायला लागले. एवढ्या उन्हात दात वाजतात, याचीच त्यांना लाज वाटली.

मालक धावत आले, पोलीस आले. त्यांचे साहेब शांत होते, दमलेले होते, मधूनमधून बाटलीतलं पाणी पीत होते. कॅमेऱ्यात चित्र होतं, आवाज नव्हता. साहेबांनी ते एकदा पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं आणि पडदा बाईंकडे वळवला.

"तुम्ही हसताय, बाई."

पडद्यावरची चष्मेवाली बाई पिशवी दोन्ही हातांनी देत होती आणि खरंच हसत होती. बाईंनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं.

"ते हसू नव्हे साहेब. भीतीनं तोंड तसं झालं असेल."

"आणि इथं काहीतरी बोलताय. काय बोललात?"

बाईंना आठवेना. देवाशपथ आठवेना. तेव्हा मास्तर पुढे झाले. मास्तर खोटं बोलणारे नव्हते, तीच तर पंचाईत झाली. "मी शब्दन्‌शब्द सांगतो. डोळे मिटले होते, कान उघडे होते. बाई म्हणाल्या, 'या, सांभाळून.' तो म्हणाला, 'येतो.'"

साहेबांनी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"सांभाळून?" साहेबांनी विचारलं. "कुणापासून?"

"तोंडातून गेलं साहेब. सवय आहे. आमच्याकडे सगळ्यांना तसंच म्हणतात."

"आणि तो 'येतो' का म्हणाला? ओळखीचा होता?"

"नाही हो! मी 'या' म्हटलं म्हणून तो 'येतो' म्हणाला असेल. माणूस म्हणतो तसं."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. आता मालक सांगतील, की हे आमच्या दुकानाचं वळण आहे, माझ्या वडिलांनी लावलेलं. शाळेचं दप्तर घेऊन याच काउंटरखाली बसलेले असताना मालकांनी ते हजारदा ऐकलं होतं. पण मालक गल्ल्याच्या रिकाम्या कप्प्याकडे बघत होते. "नेमकी माझी जेवायची वेळ त्याला कशी कळली?" एवढंच ते म्हणाले. आणि मग, "मी असतो ना, गचांडी धरून आपटला असता इथंच."

शंकेची पाल एकदा चुकचुकली की तिला हुसकावता येत नाही, ती फळीमागे जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी मालक फार गोड बोलले. "मावशी, तुम्ही घाबरलात. काही दिवस आत बसा. मुदत संपलेली औषधं वेगळी काढायची राहिलीत. आणि किल्ली... नवीन कुलूप बसवायचंय, तोवर माझ्याकडे राहू दे."

बाईंनी कमरेची किल्ली सोडून दिली. एकोणीस वर्षांत ती कधी कुणी मागितली नव्हती. थोरले मालक इस्पितळात होते तेव्हा महिनाभर अख्खं दुकान त्या किल्लीवर चाललं होतं. ती दिल्यावर त्यांना कमरेला रिकामं वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत हात सारखा तिथं जात राहिला.

मागची खोली म्हणजे खिडकी नसलेलं एक बोळकांडं. तिथं बसून बाई खोक्यांवरच्या तारखा वाचायच्या. दाराला लावलेली घंटी वाजली की तारीख डोळ्यांपुढून पुसली जायची. कान टवकारून त्या बाहेरचा आवाज ऐकायच्या. खोकल्याचं औषध मागणारा आवाज आला की श्वास सोडायच्या. काही वेळा कुणीच काही बोलायचं नाही. ते सगळ्यात वाईट. तो 'येतो' म्हणाला होता. आपल्या भाषेत निघणारा माणूसही 'येतो' म्हणतो आणि परत येणाराही 'येतो'च म्हणतो. त्याच्या मनात यातला कुठला होता? बाईंचा चेहरा त्यानं नीट पाहिला होता. त्याचा चेहरा बाईंनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो कुणीही असू शकत होता. रस्त्यावर हेल्मेट दिसलं की त्या मिळेल त्या दुकानात शिरायच्या. एकदा त्या अशाच न्हाव्याच्या दुकानात शिरल्या आणि चार माणसं अर्ध्या दाढीनं त्यांच्याकडे बघत बसली.

घरी नवरा होता, बसच्या आगारात मेकॅनिक. माणूस मनानं चांगला, पण त्याला कुठल्याही गोष्टीची गंमत केल्याशिवाय जेवण पचायचं नाही. अख्ख्या आळीत त्यानं सांगितलं. "आमच्या हिनं चोराला आग्रह केला! पुढच्या वेळी चहालाच बोलव म्हटलं!" लोक हसायचे. बाईही हसायच्या, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

एके दिवशी सकाळी तो डबा घेऊन, चपला घालून दाराशी उभा राहिला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "बरं, येतो गं."

बाईंच्या हातातली बशी खाली पडली.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "'येतो' नका म्हणू. 'जातो' म्हणा."

नवरा बघतच राहिला. तीस वर्षांच्या संसारात 'जातो' हा शब्द उंबऱ्याशी कुणी उच्चारला नव्हता. तो परत आत आला, चपला तशाच पायांत, बशीचे तुकडे गोळा केले आणि बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला. त्या दिवशी त्याची पहिली पाळी बुडाली. त्यानंतर त्यानं चोराची गंमत कुणाला सांगितली नाही.

"मालक काय म्हणतो?" त्यानं त्या दिवशी विचारलं.

"काही म्हणत नाही. तेच तर. म्हणाला असता तर उत्तर दिलं असतं. एवढी वर्षं काढली हो तिथं. चोर पळाला त्याची भीती वाटते, पण तोंड दाखवायची लाज वाटते ती या लोकांना. मी काय केलंय?"

"सोडून दे."

"आता सोडलं तर खरंच वाटेल सगळ्यांना."

चौथ्या आठवड्यात तो पकडला गेला. चपलांच्या दुकानातून असाच पिशवी घेऊन निघाला होता आणि स्कूटर सुरूच झाली नाही. साहेबांनी ओळख पटवायला बाईंना बोलावलं. मालक गाडीतून घेऊन गेले. बाईंनी पदर इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

चौकीच्या आतल्या खोलीत एक माणूस बाकावर बसला होता. चाळिशीचा, केस मागे हटलेले, एका कानात कापूस. महिनाभर बाईंनी मनात जो चेहरा रंगवला होता, त्याचे डोळे मोठे होते आणि ओठांवर डाग होता. हा तर काहीच नव्हता. असे दहा जण रोज काउंटरवर यायचे. ओळखू तर आला नाहीच, आणि हेच त्यांना जास्त भयंकर वाटलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

तो मात्र त्यांना पाहून चटकन उठला. हवालदारानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"ह्या बाईंना ओळखतोस?" साहेबांनी विचारलं.

"त्या औषधाच्या दुकानातल्या."

"आधीची ओळख?"

"नाही साहेब."

"मग 'येतो' काय म्हणालास? पाहुणा होतास?"

तो खाली बघायला लागला. "त्या 'या' म्हणाल्या साहेब. सांभाळून या म्हणाल्या. मग तोंडातून गेलं. घरी बायको 'जातो' म्हणू देत नाही. मी लई... मी फार घाबरलो होतो. पहिलीच वेळ होती. बाहेर आल्यावर मला वाटलं, ही बाई असं का म्हणाली? दोन दिवस तेच डोक्यात."

हवालदार फिस्सकन हसला. साहेबांनाही हसू आलं. त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, पेनला टोपण घातलं आणि म्हणाले, "चला. तुमचं मिटलं, बाई."

मिटलं. एवढंच असतं ते, पेनाचं टोपण लावण्याएवढं.

गाडीत बसल्यावर मालकांचा चेहरा उजळला होता. "मावशी, मी म्हणतच होतो."

"काय म्हणत होतात?"

मालकांनी गाडी सुरू केली.

"त्यानं आता जे सांगितलं," बाई समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, "तेच मी त्या दिवशी सांगितलं होतं. शब्दाला शब्द. मी सांगितलं तेव्हा पटलं नाही. चोरानं सांगितलं, पटलं."

"तसं नाही मावशी..."

"असू दे. गाडी बघून चालवा."

दुकानात आल्यावर मालकांनी खिशातून किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "उद्यापासून नाही, आत्तापासून तुम्ही पुढे. घ्या ही." दुपारचीच वेळ होती, रस्ता रिकामा होता. बाईंनी किल्लीकडे पाहिलं. ती उचलावी की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. घ्यायची इच्छा होती आणि हात पुढे होत नव्हता.

तेवढ्यात घंटी वाजली. आत आलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, काच खाली ओढलेली. एक हात खिशात. तो काहीच बोलला नाही. सरळ काउंटरशी येऊन उभा राहिला आणि काचेआडून नुसता बघायला लागला.

बाईंनी दोन्ही हात काउंटरच्या कडेवर टेकवले. शेजारी किल्लीचा खडखडाट झाला. त्यांनी वळून पाहिलं.

मालकांनी किल्ली उचलली होती, गल्ल्यात घातली होती आणि कप्पा पूर्ण बाहेर ओढला होता. कुणी मागितलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं. गचांडी धरून आपटणारे मालक भिंतीला पाठ लावून उभे होते, चेहरा खडूसारखा. कप्पा त्या माणसाच्या दिशेनं सरकवत ते म्हणत होते, "घ्या. घ्या हं. सगळं घ्या."

त्या माणसानं काच वर केली. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता.

"घाढ," तो कसाबसा म्हणाला. मग खिशातून हात काढून गालाकडे बोट दाखवलं. "दाढ दुखतीय हो. सुजलंय, हेल्मेट निघेना डोक्यातून. काहीतरी द्या."

बाईंनी कप्पा कमरेनं ढकलून आत सारला. वळून फळीवरून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टी कापायला कात्री धरवेना, म्हणून अख्खीच दिली. "एक आत्ता, एक सहा तासांनी. काहीतरी पातळ खाऊन घ्या, उपाशीपोटी नको. आणि उद्या दातांच्या डॉक्टरकडे जा, टाळू नका." सुट्टे पैसे त्याच्या तळहातावर ठेवले. तो मान हलवून गेला. घंटी वाजली आणि थांबली.

मालक अजून भिंतीशीच होते. बाईंनी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं आणि फिल्टरचं पाणी भरून पेला हातात दिला. मालकांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी शर्टावर सांडलं.

मग ते म्हणाले, "मावशी, तुम्हाला नाही भीती वाटली?"

"वाटली की. न वाटायला काय झालं? अजून वाटतेय." बाईंनी रुमालानं चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "पण तुम्ही गल्ला उघडलात म्हणून मला तुमचा संशय नाही आला."

मालकांनी पाणी संपवलं. पेला कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून तो हातातच राहिला. किल्ली गल्ल्याला तशीच लटकत होती. ती काढून घ्यायला दोघांपैकी कुणाचाच हात लवकर पुढे झाला नाही.